मार्टेलो टॉवरचं घर करायचंय: माहिती, शंका, अनुभव सगळं हवंय

मुक्ता_सफोक

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्रच असते, आज धागा काढतेय आणि तो लांबलचक होणार आहे. मी आणि नवरा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोकमधे राहतो आणि बराच काळ एका मार्टेलो टॉवरच्या मागे लागलोय. अजून विकत घेतलेला नाही, मालकांशी बोलणं चालू आहे, त्यामुळे नेमका कुठला ते इथे सांगत नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: नेपोलियन इंग्लिश खाडी ओलांडून येणार या धास्तीने ब्रिटिशांनी १८०५ ते १८१२ या काळात किनाऱ्यावर १०३ बुटके गोल बुरूज बांधून काढले. केंट आणि ससेक्समधे ७४, त्यांना नंबर आहेत, आणि इकडे एसेक्स-सफोकमधे २९, त्यांना अक्षरं आहेत, ए पासून सुरू होऊन झेड संपल्यावर एए, बीबी, सीसी. कल्पना कॉर्सिकातल्या एका बुरुजावरून उचललेली, १७९४ मधे दोन ब्रिटिश युद्धनौकांनी त्याच्यावर तोफा डागल्या आणि बुरूज राहिला तसाच, जहाजांनाच मार खाऊन मागे हटावं लागलं, तेव्हा आरमाराच्या मनात ते चांगलंच बसलं. आज १०३ पैकी निम्मे सुद्धा उरलेले नाहीत, काही समुद्राने नेले, काही पाडले, आणि १८६० मधे तर ईस्टबोर्नजवळचा एक टॉवर नवीन आर्मस्ट्राँग तोफांची चाचणी घ्यायला म्हणून उडवला.

रचना अशी की उंची साधारण १० मीटर, तळाला दारूगोळा आणि कोठार, मधल्या मजल्यावर २४ सैनिक आणि एक अधिकारी राहणार, वर गच्चीवर तोफा. दरवाजा जमिनीलगत नाही, पहिल्या मजल्यावर आहे. मधोमध विटांचा एक जाडजूड खांब आणि त्याच्याभोवती गोल फिरलेली कमान, तिच्यावर गच्चीचं सगळं वजन. समुद्राकडची भिंत काही टॉवर्समधे ४ मीटरच्या आसपास भरते, जमिनीकडची बरीच कमी, म्हणजे बाहेरून गोल दिसतो तरी आतली खोली बरोबर मध्यावर नाही, जमिनीच्या बाजूला सरकलेली आहे. मला ही गोष्ट फार आवडते. शत्रू ज्या बाजूने येणार तिकडे विटा जास्त, इतका सरळ हिशोब!

आम्हाला वेड लागलं ते बॉड्सीचा टॉवर वाय बघून. पियर्सी अँड कंपनी या आर्किटेक्ट मंडळींनी तो २०१० च्या सुमारास घरात बदलला. गच्चीवर हलकं, वक्र छत टाकलंय, ते कठड्याला चिकटवलेलं नाही, मधे गोल फिरणारी काचेची पट्टी आहे, तिथूनच उजेड येतो, आणि स्वयंपाकघर-बैठक सगळं वर त्या छताखाली, झोपायच्या खोल्या खाली अंधाऱ्या थंड भागात. जुन्याला हात न लावता नवं वर ठेवलंय, खालून बघितलं तर ते छत फारसं डोळ्यात भरतही नाही.

आता शंका. एक तर ओल. आतली भिंत हाताला ओलसर लागते, पांढरा लोणा फुटलाय आणि जुन्या गिलाव्याचे पोपडे निघालेत. मग परवानग्या. आणि खिडक्या जवळपास नाहीतच, तर पहिल्या मजल्यावर दिवसा सुद्धा दिवे लावून बसायचं का? ज्यांनी असं काम केलंय, बघितलंय, त्यांनी लिहा प्लीज.


अवधूत७९

भारी धागा! पण मला एक बेसिक प्रश्न, हे स्मारक असेल ना? सरकार राहू देतं का मुळात?


पल्लवी_केंट

मुक्ता, मी इकडे प्लॅनिंगच्या कामात आहे म्हणून परवानगीचं मी लिहिते, ओलीचं जाणकार सांगतील.

अवधूत, देतं. हाईथमधे १३ नंबरच्या टॉवरमधे अनेक दशकं घर आहे, पेव्हन्सी बे आणि नॉर्मन्स बे भागातही आहेत. आता गंमतीचा भाग म्हणजे १९७९ च्या प्राचीन वास्तूंच्या कायद्यात अशी तरतूद आहे की ज्या इमारतीत कोणी घर म्हणून राहतंय, आणि तो नुसता राखणदार नाहीये, तिला नव्याने शेड्यूल्ड मॉन्युमेंटच्या, म्हणजे संरक्षित प्राचीन स्मारकांच्या, यादीत घालता येत नाही. म्हणून जे टॉवर आधीच घर झालेत ते बहुतेक लिस्टेड बिल्डिंग म्हणून, म्हणजे वारसा इमारतींच्या वेगळ्या यादीत, संरक्षित असतात, आणि जे रिकामे पडलेत ते शेड्यूल्ड असण्याची शक्यता जास्त. मुक्ता, तुम्ही पहिलं काम हे करा की तुमचा टॉवर नक्की कशात आहे ते हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत बघा, ती ऑनलाइन सगळ्यांना खुली आहे, नकाशावर हद्द सुद्धा आखलेली असते आणि हद्दीत खंदक, बाहेरचा उतार वगैरे पण येतं बरं का, नुसता बुरूज नाही.

शेड्यूल्ड असेल तर शेड्यूल्ड मॉन्युमेंट कन्सेंट लागते. ती काउन्सिल देत नाही, मंत्र्यांच्या नावाने निघते आणि सल्ला हिस्टॉरिक इंग्लंडचा. अर्जाला फी नाही, पण कन्सेंट नसताना काम केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि काम म्हणजे नुसती तोडफोड नव्हे, दुरुस्ती आणि माती टाकणं सुद्धा त्यात येतं. हद्दीत मेटल डिटेक्टर फिरवायचा तरी वेगळं लायसन लागतं. इमारत लिस्टेड पण असेल तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट वेगळी लागत नाही, शेड्यूलिंग वरचढ ठरतं. पण वापर बदलून घर करायचंय म्हणून काउन्सिलची प्लॅनिंग परवानगी हवीच.

आणि वटवाघळं! रिकाम्या टॉवरमधे असतातच असं धरून चला. सर्व्हे ठराविक महिन्यांतच होतो, उन्हाळ्यातला हंगाम हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. सापडली तर काम करायला नॅचरल इंग्लंड या निसर्ग-संरक्षण संस्थेचं लायसन.


चुना_आणि_वीट

मुक्ताताई, मी चुन्याच्या कामात आहे, जुन्या विटांच्या इमारती, चर्च, बंदराच्या भिंती. मार्टेलोच्या भिंतीवर पण हात फिरलाय. तुमची ओल आधी समजून घेऊ, कारण बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग टॉवर आयुष्यभर रडतो.

पहिली गोष्ट, हे टॉवर उभे राहिले तेव्हा पोर्टलँड सिमेंट अस्तित्वातच नव्हतं, त्याचं पेटंट १८२४ चं. सगळं चुन्यात बांधलेलं. या टॉवर्ससाठी चुना, राख आणि गरम चरबी घालून केलेलं मिश्रण वापरलं असं सांगतात आणि जिथे मूळचं शिल्लक आहे तिथे ते छिन्नीला दाद देत नाही. असल्या भिंतीत पाणी शिरतं आणि बाहेरही पडतं, दोन्ही दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून. विसाव्या शतकात कुणीतरी येऊन त्या दर्जा सिमेंटने भरल्या, वरून सिमेंटचा गिलावा मारला, आणि पाणी शिरायच्या वाटा राहिल्या पण बाहेर पडायच्या बंद झाल्या. कारण सिमेंटला बारीक तडे जातातच, तड्यातून पाऊस ओढला जातो, मग विटेमधूनच सुकायची पाळी येते, थंडीत ते पाणी गोठतं आणि विटेचा चेहरा उडतो. टॉवरच्या बाहेर उभं राहून बघा, दर्जा पुढे आलेल्या आणि वीट मागे गेलेली दिसली की समजायचं सिमेंट आहे.

दुसरं मीठ. दोनशे वर्षं समुद्राचे तुषार खाल्लेली भिंत आहे ती. मिठाचा स्वभाव असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतात आणि स्फटिक होताना फुगतात. तुमचे पोपडे निघतायत ते यामुळे. म्हणजे भिंत हाताला ओली लागली तरी पाणी बाहेरून झिरपलेलं असेलच असं नाही. किनाऱ्यावर हवा सतत ७५ च्या वरखाली होत राहते आणि प्रत्येक फेरीला थोडा चुरा पडतो.

आणि तिसरं, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, उन्हाळ्यातला दव. ४ मीटर भिंत थंडीत जी गार होते ती जून आला तरी गारच असते. बाहेर २४ डिग्री आणि ६० टक्के आर्द्रता असली तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटतं तो, १६ च्या आसपास येतो. भिंत १३ वर असेल आणि तुम्ही मोकळी हवा म्हणून दार उघडं टाकलंत तर ती सगळी हवा भिंतीवर येऊन पाणी सोडणार. लोक म्हणतात उन्हाळ्यात तर आम्ही छान वारा खेळवतो तरी ओल का. वारा खेळवता म्हणूनच.

तर आधी बाहेरचं सिमेंट काढणं, गच्ची आणि कठडा पाणीबंद करणं, दर्जा चुन्याने भरणं, आणि मग थांबणं. खरंच थांबणं. इतकी जाड भिंत महिन्यांत सुकत नाही, वर्षं लागतात. जे मीठ बाहेर येतंय ते आत चुन्याचा एक त्यागाचा गिलावा मारून त्याच्यात येऊ द्यायचं, खराब झाला की काढून टाकायचा, पुन्हा मारायचा.


विन्या

चुना साहेब, माहिती मस्तच पण प्रॅक्टिकल बोलायचं तर वर्षानुवर्षं कोण थांबणार? मी घरांच्या नूतनीकरणात आहे, आम्ही तळघरात करतो तसं सरळ करायचं, आतून डिंपल मेम्ब्रेन म्हणजे खळग्यांचा प्लास्टिकचा पडदा, त्याच्यापुढे स्टड फ्रेम, इन्सुलेशन फोम, प्लास्टरबोर्ड. पाणी मेम्ब्रेनच्या मागून खाली ड्रेनमधे आणि पंपाने बाहेर. आत कोरडं ठणठणीत. एवढा खर्च करून लोणा बघत बसायचं का?


चुना_आणि_वीट

विन्या, तळघरात ते चालतं हे मान्य, मी सुद्धा सुचवतो. पण इथे तीन गोष्टी आडव्या येतात. फोम मारलात तर भिंत आतल्या उबेपासून तुटते, आणखी गार आणि ओली होते, आणि मागे काय चाललंय ते कळायला मार्ग राहत नाही. दुसरं, मेम्ब्रेन ठोकायला शेकडो भोकं पाडावी लागतात, शेड्यूल्ड इमारतीत ती कोणी पाडू देणार नाही. आणि तिसरं, मुक्ताताई हा टॉवर घेतायत तो त्या कमानीसाठी आणि त्या विटेसाठी. सगळं प्लास्टरबोर्डमागे गेलं तर आत उरणार गोल आकाराचा फ्लॅट, तो तर कुठेही बांधता येतो.

शिवाय इन्सुलेशनची गरज वाटते तितकी नाहीच. साध्या ९ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती गळते तो आकडा (जितका कमी तितका चांगला), २ च्या आसपास असते. तीच वीट ३ मीटर जाड धरली तर हिशोबाने ०.२५ च्या जवळपास येते, म्हणजे आजच्या इन्सुलेटेड भिंतीच्या पंगतीत बसते. ओली असेल तर आकडा बिघडतो, म्हणूनच आधी सुकवा म्हणतोय. खरा तोटा जमिनीतून, दारातून आणि गच्चीतून होतो, इन्सुलेशनचे पैसे तिथे घाला.


विन्या

०.२५ चा हिशोब मी पण करून बघितला, बरोबर येतोय. जमिनीकडच्या पातळ बाजूला जरा वर जाईल पण तरीही चांगलाच. फोमचा मुद्दा मागे घेतो. मग जमिनीला काय सुचवता? तळाला काँक्रीट स्लॅब ओतून वर अंडरफ्लोर हीटिंग?


चुना_आणि_वीट

काँक्रीट नको, जमिनीतलं पाणी स्लॅबखालून सरकून भिंतीत चढतं. मूळची फरशी असेल तर ती आधी नोंदवून, परवानगीने उचलून, खाली फुगवलेल्या काचेचे खडे, त्याच्यावर चुन्याचं काँक्रीट, त्यात अंडरफ्लोरचे पाइप आणि फरशी परत वर. खणायला कन्सेंट लागणार आणि बहुधा आर्किऑलॉजिस्ट बाजूला उभा राहणार. खणायच्या आधी हे पण बघा की अनेक टॉवर्सच्या पायात पाण्याची टाकी आहे, गच्चीवरचं पावसाचं पाणी भिंतीतल्या नळाने खाली उतरवून साठवायचे. तो नळ तुंबला असेल तर भिंतीच्या पोटात पाणी साचतं आणि तुम्ही बाहेरच्या पावसाला दोष देत बसता. कॅमेरा घालून बघून घ्या.

हीटिंग मंद आणि सतत. अशा भिंतीत थर्मोस्टॅट सकाळी चालू संध्याकाळी बंद हा प्रकार चालत नाही. हीट पंप कमी तापमानावर चोवीस तास चालू ठेवला की भिंत हळूहळू वर येते आणि मग तीच घर सांभाळते. सोबत उष्णता परत मिळवणारं यांत्रिक व्हेंटिलेशन. चौघांचं कुटुंब श्वास, अंघोळ, स्वयंपाक, कपडे मिळून दिवसाला साधारण १० लिटर पाणी हवेत सोडतं, ते तुमच्या बुरुजात जाणार कुठे? उन्हाळ्यात दमट दिवशी बाहेरची हवा कमी घ्या आणि आत डीह्युमिडिफायर चालवा, आर्द्रता ७५ च्या बरीच खाली आणि शक्यतो एका पातळीवर.


धनश्री

फार छान चर्चा चाललीये. मी ऑल्डबराच्या टॉवर सीसीमधे राहिलेय, सगळ्यात उत्तरेचा, आणि एकुलता एक असा की चार बुरूज एकमेकांत वितळवल्यासारखा आकार आहे. लँडमार्क ट्रस्टकडे आहे, सुट्टीसाठी भाड्याने मिळतो, मुक्ता तुम्ही तिथे दोन रात्री काढाच, तुमच्या जवळच आहे.

मला लक्षात राहिलं ते असं की झोपायच्या जागा पूर्ण भिंती घालून वेगळ्या केलेल्या नाहीत, आडोसे आहेत, वरची कमान सलग दिसत राहते. अंथरुणावर पडलं की नजर विटांच्या रांगांबरोबर मधल्या खांबाकडे जाते आणि कळतं की या खोलीला कोपराच नाहीये. कोणी पलीकडे कुजबुजलं तरी कमानीवरून फिरून कानाशी येतं. एकांत कमी मिळतो, पण खोल्या पाडल्या असत्या तर ती जागा मेली असती असं मला मनापासून वाटतं. वर गच्चीवर तोफांच्या बैठका अजून आहेत आणि कठडा इतका उंच-जाड आहे की वारा सुटला तरी आत बसून चहा पिता येतो.

तर माझी विनंती, पहिल्या मजल्यावर भिंती घालू नका. बाथरूम वगैरे खाली कोठारांच्या भागात ढकला.


मुक्ता_सफोक

सगळ्यांचे किती आभार मानू! धनश्री, तुम्ही लिहिलंय तसंच वाटतं आत गेल्यावर. आम्ही पण ठरवतोय की मधला मजला एकसंध ठेवायचा, मुलांना खालच्या मजल्यावर कोठारांच्या जागेत, तिथे मूळच्याच आडभिंती आहेत.

चुनादादा, मी आज परत जाऊन बाहेरून बघितलं. समुद्राकडच्या बाजूला तुम्ही म्हणता अगदी तसंच, दर्जा करड्या रंगाच्या, पुढे आलेल्या कडा, आणि मधली वीट बोटभर आत गेलेली, नखाने लाल भुकटी निघते. जमिनीकडच्या बाजूला मात्र जुना पांढुरका चुना आहे, त्यात शिंपल्याचे बारीक तुकडे दिसतात, आणि तिथे विटा धारदार आहेत, कडा अजून शाबूत. एकाच टॉवरच्या दोन बाजू!

उजेडाचं कोणी बोललं नाही अजून. नवीन खिडकी पाडायला देतील का?


पल्लवी_केंट

शेड्यूल्ड असेल तर भिंतीत नवीन खिडकी पाडायची आशा धरू नका, ती जाडी हेच त्या वास्तूचं महत्त्व आहे. जमिनीकडे मूळच्या एक-दोन खिडक्या असतील त्या बुजवलेल्या असल्या तर उघडायला मिळू शकतात, पुरावा द्यावा लागेल. दुसऱ्या महायुद्धात वर काँक्रीटची निरीक्षण-चौकी टाकली असेल तर ती "नंतरची भर" म्हणून सहज काढता येईल असं समजू नका, तिला पण इतिहास आहे आणि बऱ्याचदा तीही जपा असंच सांगतात.

म्हणून उजेड वरूनच. टॉवर वायचं उत्तर तेच होतं, गच्चीचं रूपांतर दिवसभराच्या खोलीत. अट एकच धरून डिझाइन करा की उद्या तुमचं छत उचलून नेलं तर खाली कठडा, तोफेच्या लोखंडी पट्ट्या, बैठकीचा दगड सगळं जसंच्या तसं मिळालं पाहिजे. हे जितकं स्पष्ट दाखवाल तितकं बोलणं सोपं जातं. आणि रेखांकनं पक्की करायच्या आधी हिस्टॉरिक इंग्लंडशी अर्जापूर्वीचा सल्ला घ्या, घाबरू नका, रिकामा टॉवर वापरात यावा असं त्यांनाही वाटतं.

आग लागली तर बाहेर कसं पडणार हा प्रश्न बिल्डिंग कंट्रोल विचारणारच. दरवाजा एक, जिना भिंतीच्या पोटात आणि अरुंद, आणि तुमचं स्वयंपाकघर सगळ्यात वर. वॉटर मिस्टची, म्हणजे आगीवर पाण्याचा बारीक फवारा मारणारी, यंत्रणा आधीपासून धरा, तिचे पाइप नंतर लपवायला जागा मिळत नाही.

व्हॅटचं पण सांगून ठेवते कारण यात लोक हजारो पौंड घालवतात. लिस्टेड इमारतीतल्या मंजूर बदलांवर पूर्वी शून्य दर होता तो २०१२ मधे गेला. पण जी इमारत घर नव्हती तिचं घर करताना काँट्रॅक्टरचं काम ५ टक्क्यांनी लागू शकतं, २० नाही. आणि स्वतःसाठी करत असाल तर स्वतः घर बांधणाऱ्यांसाठीच्या योजनेतून बराच व्हॅट परत मागता येतो, काम पूर्ण झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत, पावत्या जपा. काँट्रॅक्टरने चुकून २० लावला तर वरचा फरक कर खातं देत नाही, त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा लागतो, म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच लेखी ठरवा.


विन्या

वायरिंगसाठी माझे दोन पैसे. विटेत खाच मारू नका. खनिज भरलेली तांब्याच्या आवरणाची केबल मिळते ती बारीक असते, दिसायला देखणी, आगीत टिकते, ती सरळ दर्ज्यांच्या रेषेने उघडी न्या आणि क्लिप दर्ज्यात ठोका, विटेत नाही. मुख्य लाइन्स जमिनीतून मधल्या खांबाजवळ आणून तिथून वाटा. वायफाय या भिंतीतून जाणार नाही, मोबाइलचा सिग्नल पण नाही, प्रत्येक मजल्यावर केबलने जोडलेला अॅक्सेस पॉइंट धरा. आणि फर्निचर! दरवाजातून सोफा जाणार नाही. गच्ची उघडी आहे, क्रेन उभी आहे, तेव्हाच मोठं सामान, पाण्याची टाकी, किचनचे भाग वरून आत सोडून घ्या. वजनाची काळजी फारशी नको, २४ पौंडी तोफ एकटीच अडीच टनांच्या घरात आणि ती त्या कमानीवर उभी असायची, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच.


गिरीश_काका

मुली, सगळं वाचलं. सगळेजण भिंतीबद्दल बोलतायत, मी समुद्राबद्दल बोलतो. मी बंदरं आणि किनारा संरक्षणाच्या कामात नोकरी केली, तेव्हा अनुभवाने सांगतो की किनाऱ्यावर घर घ्यायचं तर आधी कागद बघायचा तो घराचा नव्हे, शोरलाइन मॅनेजमेंट प्लॅनचा. इंग्लंडचा सगळा किनारा तुकड्यांत वाटलाय आणि प्रत्येक तुकड्याचं धोरण तीन टप्प्यांत लिहिलंय, साधारण २०२५ पर्यंत, २०५५ पर्यंत आणि २१०५ पर्यंत. कुठे "रेषा धरून ठेवा", कुठे "नियोजनपूर्वक मागे सरका", कुठे "काहीही करू नका". पहिला टप्पा संपलाय. तुझ्या तुकड्याला दुसऱ्या टप्प्यात काय लिहिलंय ते बघ, कारण पहिल्यात धरून ठेवा आणि दुसऱ्यात सोडून द्या असं अनेक ठिकाणी आहे. आणि "धरून ठेवा" म्हणजे सरकार पैसे देणार असा अर्थ नाही, ते फक्त धोरण आहे.

धनश्रीने जो टॉवर सांगितला ना, त्याच्या आजूबाजूला स्लॉडन नावाचं गाव होतं. जहाजं बांधायचे तिथे. समुद्राने ते आख्खं खाल्लं, उरला तो टॉवर. बॉड्सीला ईस्ट लेनजवळ टॉवर डब्ल्यूच्या पुढ्यात किनारा असाच तुटत चालला होता, तेव्हा तिथल्या जमीनमालकांनी मिळून ट्रस्ट केला, घरं बांधायला शेतजमिनीचे तुकडे विकले आणि त्या पैशातून दगडांचा बांध घातला. म्हणजे शेजाऱ्यांनी एकत्र येऊन केलं तर होतं, पण एकट्या टॉवरमालकाला झेपत नाही. तुझे शेजारी कोण, शेती कोणाची, त्यांचं किनाऱ्याबद्दल काय मत आहे, ते जाऊन विचार. ते सर्व्हेच्या रिपोर्टमधे मिळणार नाही.

विमा घेताना किनारा झिजून होणारं नुकसान बहुतेक पॉलिसीत वगळलेलं असतं, पुरापेक्षा ते वेगळं धरतात, तेव्हा शब्द नीट वाच. कर्ज देणारे पण याच मुद्द्यावर अडतात.

आणि दुसऱ्या टोकाचं उदाहरण बघायचं असेल तर सोलंटमधले समुद्रातच उभे असलेले स्पिटबँक, नो मॅन्स फोर्ट बघ. एकोणिसाव्या शतकातले, टॉवरपेक्षा कितीतरी मोठे, हॉटेलं केली, प्रचंड पैसा ओतला, पण दर पाव आणि दर गवंडी बोटीने न्यायचा. तुझा टॉवर जमिनीवर आहे, रस्ता आहे, आकार एका कुटुंबाला झेपणारा आहे, हे फार मोठं भाग्य समज.


मुक्ता_सफोक

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. प्लॅन उघडून बघितला. आमच्या तुकड्याला दुसऱ्या टप्प्यातही रेषा धरून ठेवा आहे, तिसऱ्यात मात्र मागे सरका. म्हणजे आमच्या आयुष्यात बहुधा आम्ही राहू शकू, मुलांना किती वर्षं मिळतील ते माहीत नाही. याच्यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. तरीही घ्यावासा वाटतो. आम्ही नाही घेतला तर तो रिकामा राहून आतून सडणार हे मला दिसतंय, आणि कोणीतरी पुढची पन्नास वर्षं त्याच्या दर्जा भरल्या पाहिजेत. पण किंमत ठरवताना मात्र हा तिसरा टप्पा धरूनच बोलणार, मालकांना सरळ तसं सांगणार. पलीकडच्या शेतकऱ्याला पण भेटायला जाणार आहे.


अवधूत७९

बापरे, मी सहज प्रश्न विचारला होता आणि केवढं शिकायला मिळालं. मुक्ता, मनापासून शुभेच्छा. चुना साहेब एक शंका, बाहेरचं सिमेंट काढताना विटा नाही का फुटणार? आणि चुना थंडीत-वाऱ्यात टिकतो का?


चुना_आणि_वीट

फुटतात, घाई केली तर. ग्राइंडर अजिबात नको, हाताने छिन्नी किंवा बारीक हवेची छिन्नी, आणि जिथे सिमेंट विटेला इतकं धरून बसलंय की वीट घेऊनच येईल तिथे ते तसंच सोडायचं, काही वर्षांनी आपोआप सुटतं. आधी एक चौरस मीटर नमुना करून दाखवायचा, हिस्टॉरिक इंग्लंडचा माणूस बघेल, मगच पुढे.

चुना ५ डिग्रीच्या खाली लावायचा नाही, आणि हिमाच्या आधी त्याला जमायला, म्हणजे घट्ट व्हायला, पुरेसा वेळ हवा, म्हणून बाहेरचं काम वसंतात सुरू करून शरद ऋतूच्या सुरुवातीला गुंडाळायचं. समुद्रवाऱ्यात तो वाऱ्यानेच फार लवकर सुकतो, जमत नाही, नुसता वाळतो आणि भुगा होतो. म्हणून ओल्या गोणपाटाने झाकायचा आणि रोज पाणी मारायचं. कठड्याचा माथा सगळ्यात जास्त मार खातो, तिथे जरा कडक जलचुना (ओलाव्यातही घट्ट होणारा), खाली भिंतीवर मऊ. मूळ मिश्रणाचा तुकडा लॅबमधे देऊन तपासून घ्या, मुक्ताताईंना शिंपले दिसले म्हणजे वाळू तिथल्याच किनाऱ्याची असणार, रंग आणि कण जुळवायला तेवढी माहिती फार उपयोगाची.


मुक्ता_सफोक

मालकांनी एक गोष्ट मान्य केली आहे, व्यवहार व्हायच्या आधी हिवाळाभर आत आर्द्रता मोजायची यंत्रं ठेवू देणार आहेत. डेटा लॉगर मागवलेत. चुनादादा, ते नक्की कुठे कुठे लावू?


चुना_आणि_वीट

हे फार चांगलं झालं, ज्या मालकाला लपवायचं असतं तो असं करू देत नाही.

एक बाहेर, सावलीत, पाऊस लागणार नाही असा, त्याच्याशिवाय बाकीच्यांचे आकडे कशाशी ताडणार. एक पहिल्या मजल्यावर समुद्राकडच्या भिंतीपासून थोडा सुटा, एक त्याच मजल्यावर जमिनीकडच्या बाजूला. एक मधल्या खांबाला कमान सुटते तिथे उंचावर, गच्ची गळत असेल तर तिथे आधी कळतं. एक तळाला, फरशीपासून वीतभर वर. शक्य असेल तर दोन ठिकाणी भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान पण घ्या म्हणजे दवबिंदूशी ताडता येईल. दर तासाला एक नोंद पुरे. दारं-झरोके हिवाळाभर आहेत तसेच ठेवा, मधे कोणी हीटर लावला किंवा साफसफाईला पाणी वापरलं तर तारीख लिहून ठेवा. सगळ्यांवर नंबर टाका आणि जागेचा फोटो काढा. मार्चमधे आकडे इथेच टाका, आपण मिळून बघू.


मुक्ता_सफोक

टाकते. समुद्राकडचे दोन करते, एक दाराच्या डावीकडे जिथे लोणा सगळ्यात जास्त आहे तिथे पण लावते.


चुना_आणि_वीट

हो, तिथे हवाच.